दहावर थांबलेली लोसा

लोसा, आज तुझा दहावा. आमच्याकडे माणूस गेलं की दिवस मोजतात. तिसरा, दहावा, अकरावा, बारावा, तेरावा. प्रत्येक दिवसाला काही ना काही काम नेमून दिलेलं असतं, म्हणजे घरातल्यांना नुसतं बसून राहायची सोय उरत नाही. तुझ्या घरी यातलं काहीच नाही, आणि मी तुझ्या घरची नाही. तरी सकाळपासून मी दहावा, दहावा करत घरभर फिरते आहे. अभय ऑफिसला निघताना म्हणाला, "अगं मेधा, तिचा कसला दहावा? ती दर संडेला चर्चला जायची." मी म्हटलं, "दिवस मी मोजतेय, ती नाही." नवऱ्याने शहाण्यासारखी गाडीची किल्ली उचलली आणि तो गेला.

हे मी मराठीत लिहिते आहे. तुला मराठीतले बरोबर दहा शब्द येत होते, त्यामुळे यातलं तुला काही कळायचं नाही. आधी इंग्रजीत लिहायला बसले होते, आपण दोघी त्याच भाषेत बोलायचो म्हणून. पण ते सगळं दुकानात मिळणाऱ्या कार्डासारखं व्हायला लागलं, फुलांचं चित्र आणि आत दोन गोड ओळी. तुझ्याशी मी कधी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. तेव्हा राहू दे.

दोन हजार चार सालचा हिवाळा असावा. माझी मुलगी इरा सहा वर्षांची होती आणि दर मंगळवारी शाळा सुटल्यावर मी तिला इंग्लंडमधल्या आमच्या रीडिंग गावच्या लेझर सेंटरमध्ये पोहायला न्यायचे. मी वरच्या गॅलरीत बसायचे, अंगात कोट, मांडीवर पर्स, हात पर्सवर. तू कपडे बदलायच्या खोल्या पुसून झाल्या की मॉप घेऊन वर यायचीस. उंच, रुंद खांद्यांची, सेंटरच्या निळ्या टी-शर्टमधली बाई, आणि अंबाड्यात चक्क प्लास्टिकचं पिवळं फूल. तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी तू माझ्या बाकाशी थांबलीस आणि ओळख ना पाळख, म्हणालीस, "तू मुलीकडे बघतच नाहीस. पाण्याकडे बघतेस."

"मला पोहता येत नाही," मी म्हटलं.

"ते दिसतंय. पण घाबरतेस कोणाला?"

कशाला नाही, कोणाला. हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. म्हणून मी तुला काकांची गोष्ट सांगून टाकली. पुण्यात, मी नऊ वर्षांची असताना, मोठे काका मला तलावावर घेऊन गेले. पाठीला पत्र्याचा डबा बांधला आणि म्हणाले, "दहापर्यंत मोजतो, तोवर हातपाय मार. दहा म्हटलं की काढतो वर." आणि दिलं ढकलून. मी त्यांच्या आकड्यांवर जीव ठेवून हात मारत होते. सात झाले, आठ झाले, नऊ झाले. आणि नवानंतर काकांनी पुन्हा एक म्हटलं. काठावरची सगळी मंडळी हसली. काका वाईट नव्हते, मला पट्टीची पोहणारी करायचं त्यांच्या डोक्यात होतं. पण मी नाकातोंडातून पाणी प्यायले आणि त्यानंतर पाण्यात पाऊल घातलं नाही. पुढे गणितात पैकीच्या पैकी आणत गेले, आता सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करते, म्हणजे मोजण्यावरच माझं पोट आहे. पण पाण्याच्या काठाशी कोणी मोजायला लागलं की अजून मी दोन पावलं मागे सरते.

ही गोष्ट ऐकून सगळे हसतात. मीही ती हसवायलाच सांगते. तू हसली नाहीस. तू मॉप भिंतीला टेकवलास. "नऊनंतर एक? दॅट्स नॉट काउंटिंग, सिस. दॅट्स लाइंग." मग थोडा विचार करून म्हणालीस, "तुझे आकडे खराब झालेत. माझे घे."

अशी आपली शिकवणी सुरू झाली. मंगळवारी तुझ्या दोन पाळ्या असायच्या, त्यातली सकाळची दुपारी एकला संपायची आणि तेव्हाच माझी जेवणाची सुट्टी असायची. पहिले दोन मंगळवार तू मला पाण्यात उतरूच दिलं नाहीस. उथळ बाजूला काठावर आपण दोघी पाय सोडून बसायचो. काचेच्या छतातून राखाडी उजेड खाली यायचा, पलीकडच्या लेनमध्ये एक पेन्शनर आजोबा इतके सावकाश पोहायचे की ते पुढे चाललेत की मागे ते कळायचं नाही. आणि तू तुमच्या सामोअन भाषेत मोजायचीस, तासी, लुआ, तोलू, फा, लिमा. पाचला थांबून हाताचा पंजा पुढे करायचीस, कारण तुमच्यात पाचाला आणि हाताला एकच शब्द. मग ओनो, फितू, वालू, इवा, सेफुलू. त्या उबदार, क्लोरीनच्या वासाच्या हवेत ते शब्द मला शब्द वाटायचेच नाहीत. कोणीतरी दुरून हाक मारतंय आणि आपल्याला घाई नाही, असं काहीतरी वाटायचं. ऑफिसमध्ये परतल्यावर तासभर मला सॉफ्टवेअरमधली एकही चूक सापडायची नाही.

घरी मी फ्रिजवर पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या. अभय म्हणाला, "सामोअन? अगं, स्पॅनिश तरी शिक, सीव्हीवर टाकता येईल." इराने एका संध्याकाळीत दहाही आकडे पाठ केले आणि वर माझे उच्चार सुधारले. मी मात्र आठवर अडायचे. फितूनंतर वालू येतो हे मला किती दिवस आठवायचंच नाही. मी चिडायचे आणि तू खूश व्हायचीस. "अडकतेस ना? मस्त. तेच पाहिजे." तुझं म्हणणं असं, की आपल्या भाषेतले आकडे आपल्याला फार पाठ असतात. भीती वाटली की ते आपले आपण धावत सुटतात आणि आपल्याला मागे ओढत नेतात. परक्या भाषेतला आकडा शोधावा लागतो. शोधणाऱ्या माणसाला घाबरायला फुरसत नसते. मी म्हटलं, हे तू कुठल्या कोर्समध्ये शिकलीस? तू म्हणालीस, होडीत.

ती होडीची गोष्ट तू मला किती वेळा सांगितलीस, आणि दर वेळी त्यात समुद्राचा रंग वेगळा असायचा. पॅसिफिकमधल्या सामोआत, सवाईई बेटावर तुझं गाव. तुझे बाबा शिंपल्यांसाठी बुडी मारायचे आणि तुम्ही दोघी बहिणी लहानशा लाकडी होडीत बसून मोजायच्या. मोठ्याने, आळीपाळीने. बाबा वर येईपर्यंत मोजणं थांबवायचं नाही, हा नियम. आणि सावकाश मोजायचं, हा दुसरा नियम. तुझी बहीण आना भरभर मोजायची, मग आकडा मोठा व्हायचा आणि ती रडायला लागायची. तू सावकाश मोजायचीस. तुझ्या मोजण्यात बाबा चाळीसच्या आत वर यायचे, तिच्या मोजण्यात ऐंशी व्हायचे. "म्हणजे माझ्या वेळी ते लवकर यायचे," तू अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणायचीस. मी टेस्टर असल्याचं विसरून मान डोलवायचे.

तिसऱ्या मंगळवारी तू मला पाठीवर आडवं केलंस. तुझा हात माझ्या कमरेखाली. तू आधीच सांगितलंस, "सेफुलू म्हणेन तेव्हा हात काढणार. त्याच्या आधी नाही, नंतर नाही." माझे कान पाण्याखाली होते, तिथून तुझा आवाज जाड आणि मऊ होऊन येत होता, जणू शेजारच्या खोलीत कोणी बोलतंय. तासी. छतावर एक पान चिकटलं होतं. लुआ, तोलू. पानाच्या वरून एक विमान गेलं, आवाजाशिवाय. फा, लिमा, ओनो, फितू. मी वालू शोधत होते. इवा. इथे मी डोळे घट्ट मिटले, कारण मला आयुष्यात नऊनंतर काय येतं ते माहीत होतं.

"सेफुलू," तू म्हणालीस, आणि हात काढलास.

मी तरंगत होते. डोळ्यांतून पाणी कानांत जात होतं आणि तिथून तलावात. तुला पान दाखवावं म्हणून मी बोट वर केलं आणि बुडाले, ती गोष्ट वेगळी.

पुढची दोन वर्षं आपण जवळजवळ दर मंगळवारी भेटलो. मी पाण्याखाली श्वास धरायला शिकले. मी वर आले की तू काठावरून ओरडायचीस, "ए फिया?" म्हणजे किती झाले? मी फुशारकीने आकडा सांगायचे आणि तू तुझा सांगायचीस, नेहमी माझ्यापेक्षा कमी. त्यावरून आपण भांडायचो. खरं म्हणजे आपण सगळ्यावरूनच भांडायचो. सर्वांत मोठं भांडण दहाच्या पुढचं. तुमच्यात दहानंतर काही नवं नसतं. दहा आणि एक, दहा आणि दोन, जुनेच चेहरे पुन्हा भेटतात. मी एकदा ऐटीत सांगितलं, की आमच्यात थेट शंभरापर्यंत प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं, आणि एकोणीस म्हणजे वीसला एक कमी. तू बाकरवडी खात होतीस. तुला इतकं हसू फुटलं, की मला तुझी पाठ थोपटावी लागली. "म्हणजे वीस आलेले नाहीत अजून, आणि तुम्ही आधीच त्यातला एक हरवला म्हणून रडताय?" मी म्हटलं, ही फार जुनी आणि श्रीमंत भाषा आहे. तू म्हणालीस, "असेल. मला दहाच्या पुढचं तुमचं काहीही नको. वेडी माणसं." त्या दिवशी मला खरंच राग आला होता. आपलं हे भांडण मिटलं नाही ते नाहीच.

मग गेल्या वर्षी तुझ्या पोटात दुखायला लागलं. तू ते आधी बाकरवडीवर ढकललंस, मग वयावर. तपासण्या सुरू झाल्या. तुझा नवरा रग्बी खेळायला म्हणून तुला या देशात घेऊन आला होता, आता तो गोदामात रात्रपाळी करायचा, म्हणून दुसऱ्या स्कॅनला मी आले. वेटिंग रूममध्ये फिश टँक होता. तू माशांकडे बघत म्हणालीस, "सिस, तुझे आकडे दे."

"माझे? माझे तर खराब झालेत ना?"

"मशीनमध्ये ते लोक श्वास धरायला सांगतात. गेल्या वेळी आत माझे आकडे पळायला लागले."

तू एवढंच म्हणालीस. मी पर्समधून पेन काढलं आणि तुझ्या अपॉइंटमेंटच्या पत्रामागे इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं, एक, दोन, तीन, चार. तू ओठ हलवत पाठ करत होतीस. चारवर अडायचीस. सहा तुला फार आखूड वाटला. आपल्यासमोर एक म्हातारी बाई विणत बसली होती, तिने वर पाहिलं आणि आपल्याला कुठल्यातरी प्रार्थनेत समजून पुन्हा मान खाली घातली. मी तुझे उच्चार सुधारत राहिले. तेव्हा मला कळलं होतं, लोसा. तू मला सांगत होतीस की तुला भीती वाटते. तुझ्याकडे ते सांगायचा दुसरा शब्द नव्हता आणि मला तो लगेच समजला होता, कारण तो तूच मला शिकवलेला होता. मी तुझा हात धरायला हवा होता. त्याऐवजी मी म्हटलं, "साहा नाही गं, सहा."

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "नऊला सोडलं त्यांनी. चांगले आहेत तुझे आकडे." त्यानंतर ते तुझेच झाले. सुई टोचताना, केमोचं औषध चढताना, तू एक ते दहा म्हणायचीस. एका नर्सने विचारलं ही कुठली भाषा, तर तू म्हणालीस, माझ्या बहिणीची.

आता ती दुपार. हे लिहायचं मी सकाळपासून टाळते आहे. मंगळवारच होता. तू आठवडाभर हॉस्पिसमध्ये, शेवटच्या दिवसांच्या त्या दवाखान्यात होतीस, आना ऑकलंडहून आली होती. मी बुधवारी येणार असं ठरलं होतं. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, मी मीटिंगच्या दाराशी लॅपटॉप काखोटीला मारून उभी, आणि मोबाइल वाजला. तुझा आवाज फार बारीक झाला होता, पाण्याखालून यायचा तसा.

"सिस, तुमच्यात दहानंतर काय?"

मला हसू आलं. मला जिंकल्यासारखं वाटलं, हेही लिहूनच टाकते. शेवटी आलीस ना माझ्या भाषेच्या दारात, असं वाटलं. मीटिंगमधून कोणीतरी मला हाताने बोलावत होतं. मी म्हटलं, "अगं, ते फार लांबलचक प्रकरण आहे. शंभरापर्यंत सगळे वेगळे. उद्या येते ना, नीट शिकवते."

"ओके," तू म्हणालीस. "मग दहावर थांबते."

एक शब्द सांगायचा होता. तीन अक्षरांचा. लिफ्टचं दार उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नसता. बुधवारी सकाळी आठला आनाचा फोन आला.

चर्चमध्ये इंग्रज मंडळी काळ्या कपड्यांत होती. तुझ्या घरच्या बायका पांढऱ्यात होत्या, आणि मी, काही न विचारता, पांढरी साडी नेसून गेले होते. आनाने लांबूनच मला ओळखलं आणि आपल्या रांगेत ओढून घेतलं. शवपेटीवर तिने तिकडून आणलेली बारीक विणीची चटई घातली होती, कापडाइतकी मऊ. गाणी झाल्यावर ती माझ्या कानाशी म्हणाली, "ती तुझे आकडे म्हणायची, अगदी शेवटपर्यंत. दहापर्यंत जायची आणि थांबायची."

मी विचारलं, "पुन्हा एकपासून सुरू करायची का?"

"नाही. थांबायची. वाट बघितल्यासारखी."

ते ऐकल्यापासून माझी झोप गेली आहे. पुन्हा एक म्हणणं म्हणजे खोटं बोलणं, हे तू पाळलंस, आणि काकांवर तीस वर्षं राग धरणाऱ्या मी तुला मध्येच सोडून मीटिंगला गेले. त्या मीटिंगमध्ये काय ठरलं ते मला आठवतसुद्धा नाही.

आज दुपारी मी इराला शाळेतून घेतलं आणि लेझर सेंटरला गेले. ती आता नऊची आहे, तिचं मराठी इथल्या हवेत वाढलेलं. गाडीत तिने विचारलं, "आई, लोसा आंटी आता कुठे गेला?" एरवी मी 'गेली' म्हणून सुधारलं असतं. आज म्हटलं, "खाली गेलीये. बुडी मारून." तिने मान डोलवली. तिला होडीची गोष्ट पाठ आहे.

आमच्याकडे दहाव्याला भाताचा गोळा ठेवतात. कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं काहीतरी राहून गेलंय असं समजतात. मग घरचं कोणीतरी पुढे होतं आणि मोठ्याने सांगतं, की तुझं राहिलेलं मी करीन. मी कार पार्कच्या भिंतीवर एक बाकरवडी ठेवली. कावळे होते दोन, कचऱ्याच्या डब्यावर. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. तेवढ्यात एक जाडजूड कबूतर आलं आणि ती घेऊन गेलं. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मी भिंतीपाशी उभी राहून मराठीत म्हटलं, "लोसा, तुझं राहिलेलं मी करीन." इरा इकडेतिकडे बघायला लागली, शाळेतलं कोणी ऐकत तर नाही ना.

आत गेलो. इरा तिच्या क्लासला गेली. मी सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि उथळ बाजूला, आपल्या जागी, पाण्यात पाय सोडून बसले. छतावरचं पान केव्हाच पडून गेलंय. लाइफगार्डने माझ्याकडे पाहिलं आणि बसू दिलं. तो तुला ओळखायचा.

बुडी मारलेलं माणूस वर येईपर्यंत मोजणं थांबवायचं नसतं. मी दहा दिवस थांबवलं होतं. पाण्याकडे तोंड करून, मोठ्याने, तू तुझ्या बाबांसाठी मोजायचीस तितक्या सावकाश, मी म्हटलं, अकरा. मग बारा. तेरा. चौदा. प्रत्येक नाव वेगळं, तुला चीड येईल असं. पंधरा, सोळा, सतरा, अठरा. एकोणीस म्हटलं आणि थांबले. तुला हसायला वेळ द्यायला हवा होता.

मग वीस म्हटलं, आणि पुढे मोजत राहिले.